भागुजीनं सीटला दोन हात दिले

पिंपळदऱ्यात भागुजी नावाचा एक जीपवाला होता. भोळा इतका, की कुणी 'जरा थांब' म्हणालं आणि विसरलं, तर हा दिवस मावळेपर्यंत तिथंच उभा.

त्याच्या जीपची रेक्झिनची सीटं पार विटली होती. मूळचा लाल रंग शोधावा लागे. त्यात मेहुणीचं लग्न ठरलं, आणि नवरदेवाला आणायचं काम भागुजीकडे आलं.

बायको हौसा म्हणाली, "अहो, सीटं बघा! खरूज झालेल्या कुत्र्यागत दिसतात. रंग द्या, नाहीतर माहेरी माझं नाक कापलं जाईल."

भागुजी रंगाच्या दुकानात गेला. दुकानदारानं लाल रंगाचा डबा दिला आणि म्हणाला, "सीटला दोन हात द्या. नव्यासारखी होतील."

भागुजी घरी आला. डबा फळीवर ठेवला. मग प्रत्येक सीटला दोन-दोन हात दिले. फाड! फाड!

हौसा धावत आली. "अहो, मारताय काय? दोन हात म्हणजे दोनदा ब्रश फिरवायचा!"

"असं होय? फिरवतो."

ब्रश घेऊन तो बाहेर पडला आणि तासाभरानं परत आला.

"कुठं होता?"

"ब्रश फिरवत होतो. दोनदा. मारुतीच्या देवळापर्यंत."

हौसानं कपाळावर हात मारला. "अहो, रंगात बुडवून फिरवायचा!"

भागुजीनं बुडवून फिरवला. देवळापर्यंतची गल्ली लाल झाली, कोंबड्यांचे पाय लाल झाले, आणि पाटलांचं पांढरं धोतरही.

शेवटी हौसानं पदर खोचला. "बघा नीट. आधी पॉलिश पेपरनं घासायचं. ओल्या फडक्यानं पुसायचं. मग रंग. आणि वाळेपर्यंत कुणाला बसू द्यायचं नाही."

या खेपेला सीटं झकास झाली. हौसा खूश झाली.

तेवढ्यात लग्नाचं बोलायला मुक्कामी आलेले तिचे वडील न्हाऊन ओलेत्यानं आले आणि जेवायला पाटावर बसू लागले. भागुजीनं पाट ओढला.

"थांबा मामा! अजून वाळला नाहीत."

म्हातारा दाणकन आपटला.

हौसा कडाडली, "कशातही नाक खुपसू नका! जिथला रंग उडालाय, तिथलंच बघा!"

"बरं," भागुजी म्हणाला. आता मात्र नीट समजलं होतं.

लग्नाच्या दिवशी नवरदेव जीपमध्ये बसला. बिचारा भेदरलेला. वाटेत त्याचा मामा 'मी मागच्या गाडीनं येतो' म्हणत पान खायला उतरला आणि उतरता उतरता हसून म्हणाला, "नवरदेवाच्या तोंडाचा तर पार रंग उडालाय!"

भागुजीनं मान डोलावली आणि सीटखालचा डबा काढला.

नवरदेवाला वाटलं, मुलीकडची काही रीत असेल. त्यानं डोळे मिटून घेतले.

मांडवात बँड वाजत होता. हौसा ओवाळायला ताट घेऊन उभी होती. जीप आली. नवरदेव उतरला. कपाळापासून हनुवटीपर्यंत लालभडक, मिशीसकट. गाल घासून गुळगुळीत केलेले.

बँड थांबला. हौसाच्या हातून ताट पडलं.

भागुजीनं ब्रश पुसत सगळ्यांना बजावलं, "दोन हात दिलेत. फक्त वाळेपर्यंत कुणी त्यांच्या तोंडावर बसू नका!"