मिंडाचं खिंडार

दक्षिण कॅरोलिनात, समुद्र जवळ आल्यावर नदी जिथे संथ आणि काळी होते, तिथे भाताच्या जुन्या खाजणांना धरून मैलभर लांबीचा मातीचा बांध आहे. बांध अजून भक्कम आहे. फक्त मधोमध एका जागी तो दहा-बारा हात तुटलेला आहे, आणि भरतीचं पाणी तिथून आवाज न करता आत शिरतं. आवाज न करता, हेच मला सहन होत नव्हतं.

आम्हा कॉलेजातल्या सहाजणांना तिथे घेऊन गेल्या त्या मिस अर्लीन. वय ऐंशीच्या घरात. त्यांचे पणजोबा याच खाजणात गुलाम होते. पाण्यातला एक ओंडका हलला तशी मी त्यांचा दंड घट्ट धरला.

"मगर आहे ती, पोरी," त्या म्हणाल्या. "तिची माझी ओळख जुनी. खायचंच ठरवलं तर आधी मला खाईल."

"एवढा बांध राखता, मग एवढंच का सोडलंत?" आमच्यातल्या एकाने विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं ते असं.

देशाचे दोन भाग होऊन लढाई जुंपली, त्याचं चौथं वर्ष होतं म्हणे. दक्षिणेच्या जमीनदारांना माणसं विकत घेऊन राबवण्याचा हक्क सोडायचा नव्हता, आणि त्या हक्कापायी घराघरातले तरुण मरत होते. उत्तरेच्या आगबोटी नदीच्या मुखाशी येऊन उभ्या राहिल्या. बोटीपर्यंत पोचेल तो सुटला, ही बातमी खाजणात पसरली. मालकाच्याही कानावर गेली. बोटी वर यायच्या आत सगळ्यांना दूर डोंगराकडे हाकून न्यायचं त्याने ठरवलं. वाट एकच होती, हा बांध.

बांधाच्या मधोमध तेव्हा उघाडी होती. आमच्या अलिबागकडे खारबंदिस्तीला असते तशीच, ओहोटीला उघडायची आणि भरतीला मिटायची लाकडी दारं. ती सांभाळायची बायना नावाची बाई. तिचा बाप तेच करायचा, त्याचा बापही. दार चुकीच्या वेळी उघडं राहिलं तर पाठीवर चाबूक, हे तिला अगदी लहानपणापासून माहीत. उधाणात दोन्ही दारं एकदम उचलली तर पाणी बांध खाऊन टाकेल, हे तिला ठाऊक होतं आणि मालकालाही. म्हणून त्याने तिची सात वर्षांची लेक मिंडा आपल्या घोड्याबरोबर पुढे घेतली.

"तू दारापाशी थांब," तो बायनाला म्हणाला. "सगळे पार झाले की ये. पोर माझ्याजवळ आहे."

अमावास्येचं उधाण, भरदुपार. घोडा उघाडीवरून पलीकडे गेला. मिंडाही गेली. मागे ऐंशी माणसं, डोक्यावर बोचकी घेऊन, एकामागे एक. सगळ्यात पुढे कफी नावाचा म्हातारा होता. त्याचा पाय उघाडीवर पडायच्या आत बायनाने दोन्ही दारं उचलली.

बांध आधी थरथरला, मग बसला. मालकाने वळून पाहिलं तर मधे पाणी, आणि ते रुंदावत चाललेलं. घोडा पाण्यात उतरेना. मालकाच्या एका हातात बंदूक होती, दुसऱ्या हातात मिंडाचं मनगट.

हे मुद्दाम केलंय असं त्याला कळलं तर तो पोरीला जिवंत ठेवणार नाही, एवढंच बायनाला सुचलं. तिने पाठ फिरवली आणि कडेचा चिखल उकरायला बसली, जणू भगदाड बुजवण्यासाठीच. पलीकडून मिंडा हाका मारत होती. बायनाने वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सगळं चेहऱ्यावर दिसलं असतं. हाका लांब गेल्या. मग ती वळली, तेव्हा पलीकडची वाट रिकामी होती.

ऐंशी माणसं बोटींपर्यंत पोचली.

लढाई संपली, गुलामी गेली. माणसं परतली, मालक परतला नाही. खारं पाणी शिरून खाजणं मेली होती. लोकांनी जमीन वाटून घेतली आणि टोपल्या-टोपल्यांनी बांध पुन्हा घातला, या खेपेला स्वतःसाठी. शेवटी एवढं खिंडार राहिलं, तेव्हा बायना त्याच्या काठावर जाऊन बसली.

"तुझ्या भगदाडात भात पिकतो का, बायना?" कफी म्हणाला.

"नाही पिकत."

"मग पोरांच्या पानात काय, पाणी वाढू?"

"माझ्या वाटणीचं शेत जाऊ दे त्यात. बांध सगळीकडे सारखाच दिसतो, कफीकाका. पोरीने नीट पाहिलेली जागा ही एवढीच. ही बुजवलीत तर ती ओळखेल कशावरून?"

कफीने टोपली तिथेच रिकामी केली, आणि बायनाचं शेत बाहेर सोडून अलीकडून नवा आडवा बांध घालायला घेतला.

हरवलेल्यांची नावं तेव्हा दर रविवारी चर्चमध्ये वाचत. मिंडाचं नाव चौदा वर्षं वाचलं. पोर मेली असेल याची बायनाला भीती नव्हती म्हणे. ती जिवंत असेल आणि आईची पाठ तिच्या लक्षात राहिली असेल, याची होती.

पंधराव्या वर्षी, कापणीच्या दिवसांत, भर उन्हात एक बाई पलीकडच्या काठावर आली असं सांगतात. तिच्या कडेवर मूल होतं. कोणी म्हणतं तिने हाक मारली, कोणी म्हणतं नुसती उभी राहिली. बायना दुसऱ्याच्या शेतात वाकून भात कापत होती, पाठ खिंडाराकडे. शेजारणीने तिला हलवलं, तोवर पलीकडे कोणी नव्हतं. बायना पाण्यातून पोहत गेली. चिखलात पावलं होती, आलेली आणि परत गेलेली, आणि भरती ती एकेक करून पुसत होती.

ती मिंडाच होती का, हे कोणालाच सांगता येत नाही. मिस अर्लीननीही सांगितलं नाही.

आजही तिथे खिंडाराकडे पाठ करून कोणी काम करत नाही. निघतानाही वळायचं नाही. खिंडार दिसेनासं होईपर्यंत उलट्या पावलांनी चालायचं. आम्हीही तसंच चाललो. बांध निसरडा, दोन्हीकडे काळं पाणी, आणि मागे काय आहे ते दिसत नाही. मी पायांखाली बघू लागले.

"खाली बघू नकोस," मिस अर्लीन माझा हात धरून म्हणाल्या. "पलीकडे बघ."

मी बघत राहिले. पलीकडे कोणीच नव्हतं. तरी पापणी मिटायचा धीर होईना. वाटत होतं, नेमकी तेवढ्यातच ती येईल.