भिवरेची घळ

खांद्यावर दोर आणि डोक्यावर शिरस्त्राण घातलेली शहरातली मंडळी उंबरठाणच्या माथ्यावर येतात, वाकून घळीत बघतात आणि विचारतात, एवढ्या उभ्या कड्यात हा मधला पट्टा इतका गुळगुळीत कसा? दोन्ही अंगांना काळा कातळ आणि मध्ये गवतामुरमाची उभी घसरगुंडी, थेट खालच्या कातळवाडीपर्यंत. गावातले धोंडूबाबा लोहकरे त्यांना आधी तांब्याभर पाणी देतात. "उतरायची घाई कुणाला झालीय? बसा जरा," म्हणतात आणि मग ही हकिकत सांगतात.

फार पूर्वी उंबरठाणात भिवरा नावाची सुईण होती, म्हणे. दोन्ही गावांची बाळंतपणं तिच्याच हातची. घाटवाट वळसा घालून जायची, त्या वाटेने पोचेपर्यंत दिवस मावळायचा, म्हणून भिवरा घळीतूनच चढउतार करायची. एकदा ऐन चैत्रात कातळवाडीची ठकी अडली. भिवरा डोळ्याला डोळा न लावता तिच्या उशाशी बसून राहिली. शेवटी मुलगी झाली, वारही पडली आणि भिवरेला वाटलं, सुटले एकदाची. उठण्यापूर्वी बाळंतिणीच्या पोटावर पुन्हा एकदा हात फिरवून बघायचा तिचा रिवाज होता. त्या दिवशी तेवढं राहून गेलं.

ती घळ चढू लागली. कातळ तापलेला, गवत वाळून निसरडं झालेलं. काठी रोवायची, पाय उचलायचा, थांबायचं, पुन्हा काठी रोवायची. वय झालं होतं आणि आयुष्यभर हेच केलं होतं. लोकांची पोरं वेळीअवेळी जन्माला येतात आणि चढण मात्र आपल्या वाट्याला, असं मनात म्हणत ती कशीबशी माथ्यावर आली. समोर तिचं घर होतं. छपरातून धूर निघत होता, म्हणजे नवरा लहानू भाकऱ्या थापत असणार. पण घरापर्यंतही चालवेना, म्हणून ती तिथेच मटकन खाली बसली.

तेवढ्यात खालून हाक आली. दोन कड्यांमध्ये कोंडलेला आवाज या घळीत सरळ वर चढतो. ठकीचा नवरा धाकू जिवाच्या आकांताने ओरडत होता.

"भिवरामावशे! माघारी ये गं! आजून येक हाय पोटात! ठकी बेसुद पडलीया!"

भिवरेच्या ध्यानात आलं. जुळं होतं, आणि आपण हात न लावताच उठून आलो. ती उभी राहायला गेली, तर गुडघ्यांनी साथ सोडली. अशा पायांनी उतरायचं, तर खाली पोचेपर्यंत दोन जीव हातचे जाणार होते.

घळीच्या तोंडाशी शेंदूर फासलेला दगड आहे, तो कडोबा. भिवरेने त्याच्यापुढे डोकं टेकलं. "कडोबा, माजं पाय गेलं. मला तेवढी खाली पोचीव. पुन्यांदा ही चढण चढणार न्हाई, शबुद देते."

नवसात माणूस आपलं प्यारं काहीतरी सोडतो. भिवरेला त्या घडीला त्या चढणीइतकं नकोसं दुसरं काहीच नव्हतं. आपण काही देतोय, असं तिला वाटलंसुद्धा नाही. नवस बोलायला ती वेळ काही बरी नव्हती.

तिने करंजाच्या कोवळ्या डहाळ्या मोडल्या, त्यांची मोळी बांधली आणि त्यावर बसली. काठी काखेत दाबून टोक मागे रोवलं, टाचा पुढे धरल्या आणि अंग सोडून दिलं. धुरळा उठला, मुरूम तिच्याबरोबर वाहू लागला. वाटेतले धोंडे कडोबाने हाताने बाजूला सारले, असं सांगतात. काठी मध्येच मोडली, तेव्हा ती टाचांनीच वेग आवरत राहिली. तळाशी आली तेव्हा टाचांची सालं निघाली होती.

धाकूने तिला उचलून आत नेलं. या खेपेला तिने आधी ठकीच्या पोटावरून हात फिरवला. दुसरं बाळ मुलगा होता, पायाळू निघाला. निळा पडला होता, तरी भिवरेने त्याला रडवला. ठकीही वाचली.

मग भिवरा भिंतीला टेकून झोपली ती दुसऱ्या दिवशी उठली. अंगणात आली आणि सवयीने वर बघितलं. माथ्यावर तिच्या घराचा धूर दिसत होता. आपण काय देऊन बसलो, हे तिला तेव्हा कळलं. ती रडली.

लहानू तिला न्यायला घाटवाटेने आला. घळीची त्याला जन्मभर भीती, कधी तिच्यात पाय घातला नव्हता.

"चालू नगंस," तो म्हणाला. "डोलीत घालून नेतो. वळशाच्या वाटंनं नेतो, घळ डोळ्यांनी बघायचीबी न्हाई."

"मला खाली आणताना कडोबानं पळवाट काढली न्हाई," भिवरा म्हणाली. "म्या कशी काढू?"

लहानू एकटाच परत गेला. वर गुरं होती, ती सोडून खाली राहणं जमण्यासारखं नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी घळीत धुरळा उठला, म्हणे. डोळे गच्च मिटून, कमरेला भाकरी बांधून, करंजाच्या मोळीवर बसून म्हातारा खाली येत होता. भिवरा असेतो तो असाच येत राहिला. पुढे चैत्रात सगळं गावच त्याच्याबरोबर यायला लागलं, कारण तिच्या हातावर जन्मली नव्हती अशी माणसं गावात थोडीच होती.

आजही चैत्रात उंबरठाणची माणसं करंजाच्या डहाळ्यांवर बसून ही घळ उतरतात. पट्टा गुळगुळीत झाला आहे तो त्यांच्या घसरण्याने. खाली भिवरेची शिळा आहे. हळदकुंकू नंतर लावतात. आधी सगळे तिच्याजवळ धुळीतच बसतात आणि वयाने सर्वांत मोठी बाई शिळेवर हात ठेवून म्हणते, "भिवरे, उठू नगंस. आमीच आलोय."