साळू मांजरीची शेपटी

माणसानं घराला दार लावलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. कुत्र्यांच्या लग्नाचं आवतण शेजारीण म्हणून साळू मांजरीलाही आलं. तिथं जो तो तिला हुंगून जाई, वर हाडांचा आग्रह करी. साळू मनातून संतापली. पण लग्नघरात फिस्कारणार कशी? तिनं तोंड हसरं ठेवलं, शेपटी मात्र रागानं सपासप हलू लागली.

"बघा, किती खूश आहेत साळूताई!" म्हणत वरमाईनं आणखी एक हाड वाढलं.

शेजारी म्हातारा भुऱ्या कुत्रा शेपटी हलवत बसला होता. साळू कुजबुजली, "तुमचं बरंय, भुऱ्याकाका. तुम्ही खरंच आनंदात आहात."

"हळू बोल गं," भुऱ्या म्हणाला. "माझे दात पडून चार वर्षं झाली."

तेवढ्यात वरमाई पुन्हा हाडं घेऊन आली, आणि दोन्ही शेपट्या आणखी जोरात हलू लागल्या.