ठकूची पहिली रात

आपल्या पणज्यांच्याही पणज्या परकर नेसत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. घाटाखालच्या आंबेखोल गावात ठकू नावाची बाई चिमूटभर खाचरावर पोट भरत होती. दरसाल भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन खाली उतरत. मेंढरं रात्री शेतात बसत, लेंडीखत पडे, जमिनीला कस येई. बदल्यात गाव धनगरांना भात देई. दोघांचंही भागे.

एका साली मेंढरं आधी कुणाच्या शेतात बसवायची, यावरून दोन थोरल्या घरांत जुंपली. दगड सुटले. एक गाभण मेंढी जागीच पडली. मेंढीचा मालक म्हाळू, धनगरांचा म्होरक्या, कळप वळवून घाट चढला, तो पुन्हा उतरलाच नाही. तीन वर्षांत जमीन थकली. लोंब्या भरलेल्या दिसायच्या, पण हातात चोळल्या की नुसता कोंडा.

मग ठकूनं पदर खोचला आणि घाटाची वाट धरली. असं म्हणतात, वाटेत वाघ आडवा आला, तर तिनं त्यालाच म्हाळूचा पत्ता विचारला!

अकराव्या दिवशी एका उजाड माळावर म्हाळू भेटला. मेंढरांच्या बरगड्या वर आल्या होत्या.

"माझी मेंढी मारली तुमच्या गावानं," तो म्हणाला.

"मारली. ते झाकायला मी आले नाही," ठकू म्हणाली. "पण दादा, आमची माती उपाशी आणि तुझी मेंढरंही उपाशी. यापुढं पाळी मी लावीन. पुन्हा दगड उठला, तर आधी मला लागेल."

म्हाळूनं एका मेंढीच्या बरगड्यांवरून हात फिरवला. मग त्यानं काठी उचलली.

इकडे गावानं ठकूची आशा सोडली होती. एका सकाळी घाटावरून पांढरा ढग उतरताना दिसला. ढगातून घंटा वाजायला लागल्या, तसे लोक धावत सुटले. पुढे ठकू चालत होती! बायका एका डोळ्यानं हसल्या, एका डोळ्यानं रडल्या. ज्यांनी दगड मारले होते, त्यांनीच धनगरांच्या पायांवर पाणी घातलं.

थोरल्या घरांची शेतं ओलांडून ठकू तशीच पुढे गेली. असं म्हणतात, एकही मेंढी तिथे रेंगाळली नाही. रखमी कुंभारणीचा तुकडा गावात सगळ्यांत लहान. तिथे ठकू उभी राहिली आणि अख्खा कळप त्या एवढ्याशा जागेत मावला. कसा मावला, ते अजून कुणाला उमगलेलं नाही. स्वतःच्या खाचराची पाळी मात्र तिनं शेवटी लावली.

आजही आंबेखोलात धनगर उतरले की पहिली रात सगळ्यांत लहान शेताची. तिला 'ठकूची रात' म्हणतात. थोरल्या घरचा कर्ता पुरुष स्वतः डोक्यावरून पेजेचं मडकं नेतो, आणि धनगरांचं जेवण उरकेपर्यंत गावात कुणी घास घेत नाही.