शेकरूबाईचा वाटाड्या

तुमचे-आमचे पूर्वज अजून शेपूट सांभाळत होते, तेव्हाची गोष्ट. भीमाशंकरच्या एका शेकरूबाईला परमुलखातल्या बर्फाच्या डोंगरावर चढायचं खूळ लागलं. हसू नका, तुमची खुळं मला ठाऊक आहेत! घरी दोन पिल्लं ठेवून ती पायथ्याशी पोचली आणि डोंगर बघून तिच्या तोंडचं पाणीच पळालं. चांगल्या वाटाड्याशिवाय इथे जीव जायचा.

तिथला एक वाटाड्या गरुड म्हणाला, "बाईसाहेब, शंभर जणांना शिखर दाखवलंय. माझ्यासोबत चला, हमखास पोचाल!"

शेजारी याकबाबा रवंथ करत होता. तो म्हणाला, "ढग आले तर मी अर्ध्या वाटेवरून परत फिरवतो. मग रडायचं नाही."

शेकरूला अर्थातच गरुड आवडला. पण पिल्लं आठवली. तिनं भीत भीत विचारलं, "आणि मी घसरले तर?"

"काळजीच सोडा," गरुड पंख पसरून म्हणाला, "मी लगेच उडत जाऊन तुमच्या घरी निरोप देईन!"

शेकरू याकबाबाकडे वळली. तो दोराचं एक टोक स्वतःच्या कमरेला बांधत होता.

"दुसरं टोक तुझ्या कमरेला. तू घसरलीस तर मीही घसरणार," तो म्हणाला. "म्हणून आधी तुझे पाय बघू दे."

शेकरूनं एकेक करून चारही पाय पुढे केले. चारही लटपटत होते.