राखेच्या पाण्यातले तंतू

कर्र... कर्र... दोर वळायच्या चाकाचा तो आवाज आमच्या गावात सकाळी सगळ्यांत आधी व्हायचा. तो ऐकलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. मला मात्र डोळे मिटले की अजून ऐकू येतो.

चाक तात्या फिरवायचे. त्यांचा जोडीदार बाळाप्पा कमरेला घायपाताच्या पानांतून काढलेल्या तंतूंचा झुबका बांधून उलट्या पावलांनी मागे मागे जायचा, आणि दोर त्याच्या हातातून वाढत जायचा. मग एका अपघातात बाळाप्पाचा पाय गुडघ्याखाली गेला. लाकडी पाय जड पडायचा, त्याने उलटे चालता येईना. चाक थांबले. बाळाप्पा नुसता ओट्यावर बसून राही.

एकदा तात्यांचा एक जुना शिष्य शहरातून आला. घायपाताचे तंतू घट्ट वाळणाऱ्या राळेत बसवून हलक्या वस्तू घडवायला तो तिथे शिकला होता. बाळाप्पाच्या लाकडी पायाऐवजी बसवायला त्याने तशीच हलकी नळी केली होती. एक नव्हे, तीन. तिथल्या कारखान्यात वजन ठेवताच तिन्ही मोडल्या.

"तात्या, एकेक तंतू निवडून घेतला होता. अगदी रेशमासारखा."

"मग रेशमाचाच पाय करायचास की," ओट्यावरून बाळाप्पा म्हणाला.

तात्यांनी मोडलेल्या तुकड्यावरून बोट फिरवले. राळेतून तंतूंची लांब लांब टोके बाहेर आली होती.

"हे तुटलेच नाहीत रे. निसटलेत."

मग त्यांनी शिष्याने आणलेला चकचकीत तंतूंचा झुबका उचलला आणि सरळ राखेच्या पाण्यात बुडवला.

"अहो तात्या! आठ दिवस विंचरलेत मी ते!"

थोड्या वेळाने तंतू काढून तात्यांनी स्वच्छ पाण्यात धुतले आणि दोन दिवस कडक उन्हात वाळवले. चकाकी पार गेली. हाताला खरखर लागू लागली.

"याच्या अंगावर मेणासारखा थर असतो," तात्या सावकाश म्हणाले. "रानात तो त्याला पावसापासून राखतो. पण त्याच थरामुळे राळेला त्याला धरता येत नाही. तंतू मजबूत, राळही मजबूत, आणि भार आला की दोघे दोन वाटांना. थर तेवढा काढायचा. जास्त वेळ ठेवलास तर राख तंतूलाच खाईल. आणि ओल राहू द्यायची नाही." ते थांबले. ओट्याकडे बघत हळूच म्हणाले, "आम्ही दोघे काय कमी भांडलो? त्या खरखरीनेच धरून ठेवले बघ."

"भांडायचास तू," बाळाप्पा म्हणाला.

महिन्याने तशा खरखरीत तंतूंची चौथी नळी आली. वजनाखाली ती टिकली होती. बाळाप्पाने पाय बसवला, दोनदा जमिनीवर आपटून पाहिला आणि कमरेला झुबका बांधला. तात्यांनी चाकाला हात घातला.

"ताणून धर. मागच्या वेळी ढिला सोडला होतास."

ती मागची वेळ चार वर्षांपूर्वीची होती. बाळाप्पाने तात्यांकडे एकदा पाहिले. चाक कर्र वाजले, आणि दोर ताणून धरत तो उलट्या पावलांनी मागे मागे जाऊ लागला.