मशिदीतला तास

मी सातवीतच शाळा सोडली, पण कुंभोजकरबाईंचा तो तास अजून आठवतो. नमाज कशी पढतात ते पोरांनी डोळ्यांनी पाहावं, म्हणून बाई आम्हाला गावच्या मशिदीत नेणार होत्या. आम्ही रांगेत उभे होतो, तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष रावजीअण्णा भोइटे फाटकात आडवे आले.

"बाई, तिथं जाऊन पोरं बिघडणार नाहीत असं लिहून द्या. नाहीतर तुमची बदली झालीच म्हणून समजा."

बाईंनी शांतपणे वही उघडली.

"देते की अण्णा. फक्त दाखल्याला एक नाव हवं. मोहरमात मशिदीतून ताबूत निघतो, तेव्हा पहिला खांदा तुमच्या घराण्याचा. तुम्ही लहानपणापासून आत जाताय. मग 'अण्णा बिघडले नाहीत, तशी ही पोरंही बिघडणार नाहीत,' असं लिहू ना? की तुमच्याबद्दल काही शंका आहे?"

सगळी रांग फिसकन हसली. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला आणि ते आमच्यावरच खेकसले, "दात काय काढताय? हातपाय धुऊन आत जायचं असतं, एवढं तरी ठाऊक आहे का? चला, मी दाखवतो."

हौदाचं ते थंडगार पाणी आमच्या पायांवर पहिल्यांदा अण्णांनीच ओतलं.